संथा घाटावर नेली तेव्हा

“मॅडम, मी परीक्षा ड्रॉप करते,” मृणाल म्हणाली. पुस्तक उघडलं की तिच्या छातीत धडधड व्हायची, गल्लीत बाइकचा हॉर्न वाजला की वाचलेलं सगळं पुसलं जायचं. एमएस्सीचं शेवटचं सेमिस्टर, पेपर तीन आठवड्यांवर. मी विद्यापीठात काउन्सेलर; मुलांचं टेन्शन ऐकून घेणं हेच माझं काम.

साउंड मीटर, म्हणजे आवाज मोजायचं यंत्र, पर्समध्ये टाकून मी सकाळी सहाला नदीकाठच्या ब्रह्मा घाटावर तिच्या घरी पोचले. वर तिची खोली. खाली तिचे वडील, गुरुजी, दहा-बारा शिष्यांना वेदांची संथा देत होते. संथा म्हणजे गुरूंनी म्हणायचं, शिष्यांनी मागून तेच पुन्हा पुन्हा घोकायचं. मीटरचा आकडा भराभर चढला. मला वाटलं, चोर सापडला!

“गुरुजी, परीक्षेपर्यंत संथा दुसरीकडे नेता येईल?”

“पोरीचा इम्तिहान आहे ताई. उद्यापासून संकठा घाटावर बसू.”

मी स्वतःवर भलतीच खूश.

चौथ्या दिवशी मृणाल रडतच ऑफिसात आली. “घरात एकदम सन्नाटा आहे, मॅडम. संथेच्या वेळेलाच काय ती माझी पढाई व्हायची, तीपण गेली. आता सकाळीसुद्धा हॉर्नच ऐकू येतात. आणि बाबांचे गुडघे दुखतात, तरी माझ्यासाठी रोज इतक्या पायऱ्या चढउतार करतात.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्यात याला मास्किंग म्हणतात: सवयीच्या, एकसारख्या आवाजाखाली बाकीचे आवाज झाकले जातात. पंख्याच्या घरघरीत झोप लागते, तसंच. तिनं संथेबद्दल चकार शब्द काढला नव्हता. ते पांघरूण मीच ओढून काढलं होतं.

गुरुजींची माफी मागितली. ते हसले, संथा परत घरी आणली आणि पेपर संपेपर्यंत त्यांनी संध्याकाळचीही सुरू केली.

पहिल्या संध्याकाळी मी तिथेच होते. एक शिष्य मध्येच अडला. तेवढ्यात वरच्या खोलीतून मृणालनं पुढचे शब्द सांगितले. गुरुजी जिन्याकडे बघत राहिले.

“हिला मी एक अक्षर शिकवलं नाही हो ताई,” ते म्हणाले आणि उपरण्यानं डोळे टिपले.

मृणालनं सगळे पेपर दिले. चांगल्या मार्कांनी पास झाली. मीटर अजून माझ्या पर्समध्ये असतं, पण ते बाहेर काढायच्या आधी मी आता मुलांना विचारते, “तुझा अभ्यास नक्की कधी होतो?”