तिसऱ्या सिनेमाचा शेवट

सिडकोत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा इस्त्रीची हातगाडी लावतो. इस्त्री फिरवण्याआधी तो शर्टाची कॉलर अंगठ्यानं चाचपून बघतो, जणू नाडीच बघतोय.

परवा शर्टाची वाट बघत मी फोनवर मित्राला इंग्रजी हेरपटांच्या एका मालिकेतल्या सिनेमांना चांगल्या-वाईटाप्रमाणे नंबर देत होतो. तिसऱ्याला शेवटचा नंबर दिला. खरं तर तिसरा मी पाहिलाच नव्हता. कुठल्यातरी यादीतलं वाचून ठोकत होतो.

फोन ठेवला तर म्हाताऱ्याची इस्त्री थांबलेली.

"तिसरा लई भारी व्हता, साहेब. मी टॉकीजला डोअरकीपर व्हतो तवा."

"मग रोजच बघितला असेल!"

"शेवट सोडून. शेवटची दहा मिनिटं आली की मी भाईर. दारं उघडायची, पुढच्या शोची गर्दी आवरायची. लोकायला इचारलं तर हसायचे, डोअरकीपरच इचारतो म्हणून." मग हळूच म्हणाला, "त्या पोरीला पाण्यात ढकलतेत, तिथपर्यंत मला म्हाईत. वाचती का वो ती?"

पाहिला नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण फोनवरची माझी ऐट त्यानं ऐकली होती.

"वाचते की," मी म्हणालो. "हीरो काढतो तिला."

"बरं झालं," म्हणत त्यानं शर्ट दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला.

रविवारी मी तो सिनेमा शोधून पाहिला. ती वाचत नाही.

सोमवारी गाडीजवळ गेलो, तर तो शेजारच्या चहावाल्याला सांगत होता, "वाचली ती! साहेबांनी सोता बघितलंय." आणि दोघांनी माझ्याकडं बघितलं.

मी मान डोलावली.