रांजणाजवळचा बेगोनिया

आटपाडीला आईच्या घरी रांजणाजवळच्या कोपऱ्यात बारा महिने ओल्या मातीचा वास असे. बाहेरचं माळरान उन्हाने करपून निघालं तरी पाझरणाऱ्या पाण्यामुळे तेवढी वीतभर जागा गार राही, आणि माझा धाकटा भाऊ महेश आषाढात फौजेतून सुट्टीवर आला तेव्हा त्याने आणलेल्या बेगोनियाला आईने तीच जागा दिली. त्याची नेमणूक ईशान्येच्या डोंगरांत होती. उष्ण प्रदेशातल्या उंच, धुकट पहाडांवरच्या जातींच्या संकरातून घडलेल्या त्या नाजूक झाडाचा अंकुरलेला कंद त्याने लोकरी मोज्यात गुंडाळून आणला होता. तेलाच्या रिकाम्या डब्यात तो लावताना त्याने आईला बजावलं, ‘‘थंडीत पानं गळतील, तवा पाणी तोड. कंद कोरडाच झोपतो.’’

आई हसली. ‘‘पाण्यानं कवा कुनी मरतंय व्हय रं?’’ टँकरमागे घागर घेऊन धावण्यात जिचा जन्म गेला, तिला पाणी म्हणजे सगळ्यांवरचं औषधच वाटे.

श्रावणात झाडाला भरगच्च शेंदरी फुलं आली. भाद्रपदात, पुरातून निघालेली महेशची गाडी तिकडच्या नदीने ओढून नेली. त्याला पोहता येत नव्हतं. आमच्या ओढ्याला बुडण्याइतकं पाणी असतं कधी, की पोरांनी पोहायला शिकावं? बऱ्याच दिवसांनी तो सापडला आणि तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली. गावातल्या पुरुषांनी ती उघडू दिली नाही. आई ‘का’ म्हणून विचारत राहिली आणि सगळे खाली बघत राहिले.

मार्गशीर्षात मी साताऱ्याहून माहेरी आले, तेव्हा झाडाची पानं पिवळी पडून गळाली होती आणि आई सकाळ-संध्याकाळ त्या डब्यात तांब्याने पाणी घालत होती. मी तिला महेशच्या सांगण्याची आठवण करून दिली.

‘‘ठावं हाय गं मला,’’ ती म्हणाली, ‘‘पर तहानलं आसंल, आसं वाटतं.’’

मला तिचा फार राग आला. त्याच्या हातचं तेवढंच जिवंत उरलं होतं आणि मला ते वाचवायचं होतं. मी डबा अंगणातल्या उन्हात आणून उपडा केला. चिखलातून कंद निघाला, तपकिरी, दिसायला अगदी शाबूत. आईने तो अलगद उचलला आणि तिची बोटं सालीतून आत गेली. आंबूस, कुजका दर्प अंगणभर पसरला, पण तिने हात झटकला नाही. ती त्या लगद्याकडे बघत राहिली.

मग हळूच म्हणाली, ‘‘म्हनून उघडू दिली न्हाई व्हय पेटी?’’

हात धुवायला मी तांब्या पुढे केला. तिने पाणी घेतलं नाही. अंगणातली कोरडी माती मूठभर घेतली आणि त्या मातीनेच हात चोळत राहिली. पाणी फेकायची आमच्याकडे रीत नाही. मी तांब्या परत रांजणात ओतला.