सर्वधर्म बाई

नव्या शेजाऱ्याला लोक विचारतात, गाव कोणतं, कंपनी कोणती, मुलं किती. आमच्या तळमजल्यावरच्या बाई विचारायच्या, "तुमच्या घरात ग्रंथ कोणता? आणि तो वाचलाय का?" चऱ्होलीच्या या सोसायटीत आम्ही राहायला आलो, तेव्हा टेम्पोतून फ्रीज उतरत होता आणि बाईंनी मला हाच प्रश्न केला. मी म्हटलं, गीता आहे, देवघरात. "देवघरात आहे ते दिसेलच. वाचलीय का?" मी नकारार्थी मान हलवली. त्या म्हणाल्या, "बरं झालं, खोटं नाही बोललात." आणि चहाचा थर्मास हातात देऊन निघून गेल्या. मला राग आला होता. चहा मात्र चांगला होता.

बाई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. इतिहास शिकवायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी बेंगळुरूला. वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात मशीनवर होते आणि घर बौद्ध. रोज सकाळी त्यांच्या खिडकीतून त्रिशरण-पंचशील ऐकू यायचं, खड्या आवाजात, दूधवाल्याच्या घंटेची पर्वा न करता. पण आपल्याच माणसांनाही त्या सोडत नसत. विहारातल्या बायकांना म्हणायच्या, "पाली पाठ केलीत, अर्थ कोण पाठ करणार?" त्यामुळे तिकडेही त्या फार लाडक्या होत्या असं नाही.

'सर्वधर्म बाई' हे नाव आमच्या चेअरमन साहेबांनी ठेवलं. साहेब एका मोठ्या कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, बोलणं गोड, मीटिंगमध्ये सगळे त्यांच्याकडे बघून हात वर करायचे. त्यांनी टिंगलीत ठेवलेलं नाव बाईंच्या कानावर आलं, तेव्हा बाई हसल्या. चार दिवसांनी दारावर नवी पाटी. वर त्यांचं नाव, खाली कंसात 'सर्वधर्म बाई'. साहेबांनी ती वाचली आणि लिफ्टकडे वळले.

गंमत म्हणजे 'सगळे धर्म सारखेच' हे वाक्य बाईंना मुळीच खपत नसे. "हे आळशी माणसाचं वाक्य आहे," त्या म्हणायच्या. "सारखे कसे? एकाला मूर्ती लागते, एकाला चालत नाही. एक म्हणतो पुन्हा जन्म आहे, दुसरा म्हणतो एकच जन्म आणि मग हिशोब. आमच्याकडे तर ईश्वराची भानगडच नाही. वेगळे आहेत. वेगळ्या माणसाशेजारी राहता येतं की नाही, एवढाच प्रश्न आहे."

हे कुठून आलं, ते त्यांनी एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं. लहानपणी चाळीत शेजारच्या घरी श्रावणात पोथी लागायची. बाई दाराबाहेर बसून ऐकायच्या. एकदा वाचणारे काका पाणी प्यायला उठले आणि यांनी पान पाहायला हात पुढे केला. काकांनी पोथी लाल कापडात गुंडाळली आणि म्हणाले, तू हात लावू नकोस. "त्या दिवशी ठरवलं," बाई म्हणाल्या, "ज्या पुस्तकाला हात लावू नको म्हणतील, ते आधी वाचायचं." त्यांच्या कपाटात त्रिपिटकातले भाग, कुराणाचा मराठी अनुवाद, बायबल, गीता, उपनिषदं, जैन आगमांवरचं एक जाडजूड पुस्तक, सगळं ओळीनं होतं. कोणीही मागावं आणि न्यावं. हात धुऊन घ्या, एवढंच सांगायच्या.

पुस्तकं वाचली म्हणून बाई चुकत नव्हत्या असं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या जैन वहिनींकडे त्या दिवाळीचं ताट घेऊन गेल्या. ऐटीत म्हणाल्या, "शेंगदाण्याचे लाडू मुद्दाम नाही आणले. जमिनीखाली येतात ना!" वहिनी हसून हसून बेजार. "अहो बाई, शेंगदाणे चालतात आम्हाला! बटाटा, कांदा, गाजर नाही चालत." बाई तिथूनच माझ्याकडे आल्या. "चुकले. पुस्तकातला जैन वेगळा आणि शेजारचा जैन वेगळा. आता लाडू घेऊन परत जाते."

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये त्या मुलांचा वर्ग घेत. पण स्वतः फारसं बोलत नसत, त्या त्या धर्माचं माणूस बोलावत. "मी सांगितलं तर ते माझं होईल. ज्याचं त्यानं सांगावं." एका रविवारी केरळची एक नर्स आली. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत आपल्या घरी मांस-मासे बंद असतात, असं तिनं सांगितलं. माझा मुलगा ओरडला, "म्हणजे आमच्या श्रावणासारखं!" बाई म्हणाल्या, "सारखं म्हणायची घाई नको. आधी विचार, का करतात." मग नर्सनं येशूचे वाळवंटातले उपासाचे दिवस सांगितले आणि मुलं पुढे सरकून बसली. एकदा पिंपरी कॅम्पातले पडद्याच्या कापडाचे सिंधी व्यापारी आले. ते म्हणाले, "आमच्या घरी झुलेलालची ज्योतही लागते आणि गुरुग्रंथसाहिबापुढे डोकंही टेकतो. त्या ग्रंथात तुमच्या मराठी संताची पदं पण आहेत, माहीत आहे?" एका पोरानं विचारलं, "मग काका, तुम्ही नक्की कोण?" ते म्हणाले, "पडदेवाला!" बाईसुद्धा खळखळून हसल्या.

चौथ्या मजल्यावर रफिकभाई भाड्यानं राहायचे. मूळचे अंबाजोगाईचे, चाकणला एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये कामाला. बायको शबाना, दहावीतली मुलगी आलिया आणि रफिकभाईंची आई. रमजानबद्दल वर्गात सांगायला ही आजीच आली होती. म्हणाली, "पोट उपाशी ठेवनं सोपं हाय बाळांनो. जीभ उपाशी ठेवा, कुनाला वंगाळ बोलू नका, तो खरा रोजा."

जानेवारीत एका सकाळी आजी गेली. घरातच, झोपेत.

आमची लिफ्ट एवढीशी, आणि चौथ्या मजल्यावरची मोरी त्याहून लहान. मयताला अंघोळ घालायची, ज्याला गुस्ल म्हणतात, ती कुठे घालायची हा प्रश्न होता. रफिकभाईंनी पार्किंगच्या कोपऱ्यात चादरी बांधायची परवानगी मागितली. चेअरमन साहेब खाली आले. अतिशय गोड आवाजात म्हणाले, "दुःख आहे, मान्य आहे. पण कॉमन जागेत धार्मिक विधी करता येत नाहीत. शिवाय टँकरचं पाणी आहे. तुम्ही परस्पर कबरस्तानात न्या ना." आणि वॉचमनला पार्किंगचा नळ बंद करायला सांगितला.

रफिकभाईंनी हातातल्या चादरींची पुन्हा घडी केली. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. राग नव्हता त्यावर. हे असंच होणार हे ठाऊक असल्यासारखा तो चेहरा होता.

बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी दाराच्या दोन्ही झडपा सताड उघडल्या. "रफिक, आईला इथं आण. माझी मागची पडवी मोठी आहे."

"बाई, तुम्ही मध्ये पडू नका," साहेब म्हणाले. "आज यांना दिलंत, उद्या सगळेच मागतील."

"उद्या सगळेच मरणार आहेत साहेब. तुम्हीसुद्धा. तेव्हाही हे दार उघडंच असेल."

जिन्यावर उभ्या असलेल्या बायकांमधून कोणीतरी हुंकार दिला. मी घरात गेले आणि पाण्याची बादली भरली. माझ्या मागोमाग जैन वहिनी आपली कळशी घेऊन उतरल्या. एवढ्यात भिंतीपलीकडच्या गोठ्यातल्या आक्का, चऱ्होलीतल्या जुन्या घरच्या, गेटमधून आत आल्या. डोक्यावर तांब्याचा हंडा. "मयताला पानी न्हाई म्हनत्यात व्हय?" त्या साहेबांसमोर थांबून म्हणाल्या. "माज्या हिरीला हाय. किती पायजे?" साहेब वाटेतून बाजूला झाले.

पाण्यात बोरीची पानं उकळली, शेवटच्या पाण्यासाठी कापूर काढून ठेवला. मला वाटलं, बाई आत जाऊन मदत करतील. त्यांनी शबानाच्या मावशीला आणि पिंपरीहून आलेल्या दोन बायकांना आत पाठवलं आणि स्वतः पडद्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "आत त्यांच्या बायका. आपलं काम पाणी," त्या म्हणाल्या. आम्ही पाणी आत देत राहिलो. पांढऱ्या कफनात आजी बाहेर आली तेव्हा बाईंनी हात जोडले, त्यांच्या पद्धतीनं. कोणाची नक्कल केली नाही.

याची किंमत वसूल झालीच. हॉलला कुलूप लागलं. धार्मिक कारणासाठी हॉल मिळणार नाही, अशी नोटीस. पुढच्याच आठवड्यात त्याच हॉलमध्ये सत्यनारायण झाला. मी चिडून म्हटलं, तुम्ही तक्रार करा, तोही बंद करा म्हणावं. बाई म्हणाल्या, "मी काही बंद करायला सांगणार नाही. मी उघडायला सांगते आहे." आणि वर्ग त्यांच्या बैठकीच्या खोलीत भरला. मुलं निम्मी झाली, मग आणखी कमी. माझ्या नवऱ्यानं घरी विषय काढला, "उगाच वाईटपणा कशाला?" मी मुलाला पाठवत राहिले.

मग सर्वसाधारण सभेत ठराव आला. फ्लॅट भाड्यानं देताना 'सोसायटीच्या संस्कृतीशी जुळणारी' कुटुंबंच घ्यावीत. कोणाचं नाव घेतलेलं नव्हतं. बाई उठल्या. "संस्कृती म्हणजे कोण, ते स्पष्ट लिहा. लाज वाटत नसेल तर नाव लिहा." कुणी लिहिलं नाही. हात मात्र वर गेले. विरोधात बाई, जैन वहिनी आणि मी. बोलल्या फक्त बाई. ठराव पास झाला आणि रफिकभाईंच्या घरमालकानं त्यांना महिनाअखेर घर सोडायला सांगितलं.

आलियाची दहावीची परीक्षा तोंडावर होती. बाईंनी सरळ सगळ्या कुटुंबाला आपल्या घरी आणलं. साहेब विचारायला आले, तर त्या म्हणाल्या, "भाडं घेत नाही मी. पाहुणे आहेत. पाहुण्यांसाठी कुठला ठराव आहे ते दाखवा." त्या दोन खोल्यांत पहाटे फजरची नमाज व्हायची आणि उजाडल्यावर पंचशील. आलिया मधल्या वेळात भूमिती सोडवायची. परीक्षा संपली, निकाल चांगला लागला आणि रफिकभाई आपणहून मोशीला राहायला गेले. निघताना शबाना बाईंच्या गळ्यात पडून रडली. बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या, "रडू नकोस. लांब नाही मोशी. बस जाते."

बाई गेल्या वर्षी गेल्या. हृदयाचा झटका, पिंपरीच्या हॉस्पिटलात दोन दिवस. शेवटच्या भेटीत त्यांना नीट बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, आराम करा. त्यांनी मान हलवली आणि दम घेत म्हणाल्या, "वर्ग घे." मी म्हटलं, मला काय येतं? त्या म्हणाल्या, "येत नाही... म्हणूनच." मुलगी बेंगळुरूहून आली. भंतेजी आले, पांढऱ्या साड्यांतल्या बायका आल्या, मोशीहून रफिकभाईंचं सगळं घर आलं. चेअरमन साहेबही आले, दोन मिनिटं उभे राहिले. आपल्या मनात काय आहे ते त्यांनी आम्हाला कळू दिलं नाही.

वर्ग मी घेते. घरात, चार-पाच मुलं येतात. फार काही जमत नाही, पण माणसं बोलावते आणि ऐकते.

परवा सभा होती. दुसऱ्या मजल्यावर नव्यानं आलेलं ख्रिस्ती कुटुंब रविवारी घरात प्रार्थना करतं, गाणी म्हणतं, म्हणून त्यांना नोटीस द्यायचा ठराव होता. साहेबांनी वाचला, नेहमीच्या गोड आवाजात. मी सभेत आजवर कधी एक शब्द बोलले नव्हते. उठले तेव्हा नवऱ्यानं पदर ओढला, आणि आवाज तर असा निघाला की माझा मलाच ओळखू येईना. काय बोलले ते धड आठवत नाही. एवढं आठवतं की साहेब "खाली बसा ताई" म्हणाले आणि मी बसले नाही. मग जैन वहिनी उभ्या राहिल्या. मग मागच्या रांगेतली एक मुलगी, जिचं नावही मला माहीत नव्हतं.

ठराव पुढच्या सभेवर ढकलला आहे. तो पुन्हा येणार. मीही तिथं असणार आहे.