कासुर्डीजवळ थांबलेली गाडी

“सर, रेघा नाचतायत. गाडी थांबवू का?” रशीदने विचारलं.

“थांबव,” मी म्हणालो.

रशीद अ‍ॅम्ब्युलन्सवरचा पॅरामेडिक, दौंडचा. मी पुण्यातल्या कंट्रोल रूममध्ये बसलेला डॉक्टर. निवृत्तीनंतर हे काम घेतलं होतं. गाडीतल्या टॅबवरून मला पेशंट दिसायचा, त्याचा ईसीजी यायचा. औषध मी सांगायचो, हात रशीदचे. पेशंट हॉस्पिटलात पोचवला की परतीच्या वाटेवर तो कॅमेरा बाहेर वळवून मला उसाच्या ट्रॉल्या दाखवायचा. “सर, तुमचा चहा झाला असंल. आमचा यवतला राहिला.” त्या नोकरीतलं बाकी फारसं आठवत नाही. हे आठवतं.

त्या दुपारी गाडीत खुटबावचे आप्पा होते. छातीत कळ, दरदरून घाम. वाटेतल्या दवाखान्यात न्यायचं की थेट पुण्याला, हे ईसीजीवर ठरणार होतं. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली असेल, तर ती उघडण्याची सोय असेल तिथेच जावं लागतं. पण धावत्या गाडीत ईसीजीच्या रेघा थरथरतात, वाचता येत नाहीत. म्हणून कासुर्डीजवळ गाडी बाजूला घेतली.

आप्पांचा मुलगा उसळला. “ओ, गाडी का लावली? हितं म्हाताऱ्याचा जीव चाललाय, आन् तुम्ही मोबाईलवर बोलत बसलाय?”

“डॉक्टर हायेत, दादा. जरा दम धरा. आप्पा, हात हलवू नका.”

“डॉक्टर हाय तर हितं का न्हाई?”

आप्पाच म्हणाले, “आरं, गप की. तुझ्या आवाजानंच जास्त दुखाय लागलंय.”

ईसीजी स्वच्छ आला. हार्ट अटॅकच होता. मी गोळ्या सांगितल्या, रशीदने आप्पांना चावायला दिल्या. पुण्याच्या हॉस्पिटलला फोन करून मी टीम तयार ठेवायला सांगितली. आप्पा वाचले.

पण मुलाने उभ्या गाडीचा व्हिडिओ काढला होता. तो गावोगावच्या ग्रुपवर फिरला. मग तक्रार आली: पेशंट तळमळत असताना गाडी उभी करून रशीद मोबाईलवर गप्पा मारत होता. मॅनेजरने मला विचारलं, “गाडी थांबवायला तुम्ही सांगितलं होतं का?”

लोक तेव्हा आम्हाला ‘मोबाईलमधले डॉक्टर’ म्हणून हसायचे. मला माझी खुर्ची सांभाळायची होती. मी म्हणालो, “मी फक्त ईसीजी मागितला. गाडीचं क्रू ठरवतो.”

रशीदला काढून टाकलं. त्याचा फोन आला. “सर, तुम्हीच ‘थांबव’ म्हणाला होता ना?”

“बघतो,” मी म्हणालो. बघितलं नाही.

आता तो शिरूरकडच्या एका कारखान्यात फर्स्ट-एड रूम सांभाळतो. मी जाऊन त्याला भेटलो. हे सगळं लिहिणार आहे, म्हणालो.

“लिवा की,” तो म्हणाला. “आई असती तर वाचून दाखवलं असतं. ती शेवटपर्यंत विचारायची, खरं सांग, कुणाशी बोलत होतास?”

तेव्हा स्पष्ट लिहितो. गाडी थांबवायला मी सांगितलं. ते बरोबरच होतं, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. या कामात नव्याने येणाऱ्या डॉक्टरांना एवढंच सांगेन: गाडी थांबवायला लावलीत, तर स्पीकर चालू करा आणि नातेवाइकांना का ते स्वतः सांगा. शिव्या तुम्हीच खा. तुम्ही लांब बसलेले असता, लागत नाहीत.