अकरा नावं

“आम्ही चेंडूला लाथा घालत होतो तेव्हा हा अध्यक्ष पाळण्यातही नव्हता,” असं वालट्राउट पिओंटेक एकदा बेकरीच्या रांगेत म्हणाली, आणि दुपारपर्यंत ते साऱ्या एर्लेनबेकला कळलं.

एर्लेनबेकमध्ये कोळशाची खाण बंद पडून बरीच वर्षं झाली होती. उरला होता तो फुटबॉल क्लब. देशाचं विजेतेपद त्याने पुन्हा पुन्हा आणलं होतं, पहिलं तर खाणीतल्या पोरांनीच. यंदा क्लबने महिलांचा संघ काढला आणि आपल्या संग्रहालयाच्या भिंतीवर मोठी अक्षरं लावली : क्लबच्या इतिहासातला पहिला महिला संघ. वालट्राउटने ती वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

ती सतरा वर्षांची होती तेव्हा देशाच्या फुटबॉल महासंघाने बायकांच्या खेळावर बंदी घातलेली होती. कुठल्याही क्लबने त्यांना मैदान द्यायचं नाही, असा हुकूम. तरी खाणकामगारांच्या चाळींतल्या अकरा मुली क्लबच्या टाकून दिलेल्या जर्सी घालून मागच्या मैदानावर खेळायच्या. बघायला माणसं यायची, काही शिट्ट्या मारायला, काही खरोखर बघायला. मग क्लबच्या मंडळाने फाटकाला कुलूप लावलं. मुली कुंपणावरून चढून आत जाऊ लागल्या. गोलकीपर हिल्डेगुंडचं बोट मोडलं तेव्हा तिने घरी सांगितलं, दारात चेंगरलं. पुढे लग्नं झाली, पोरं झाली, आणि कुंपण आपोआप उंच होत गेलं.

आता त्यांच्यातली वालट्राउट एकटी उरली होती. वसंतात तिची शेवटची सोबतीण एडेलट्राउट गेली. दफनाच्या वेळी पाद्री तिच्या प्लमच्या केकबद्दल बराच वेळ बोलला. चेंडू मारणाऱ्या तिच्या डाव्या पायाबद्दल एक शब्द नाही. त्या दिवशी दफनभूमीतून परतताना वालट्राउटच्या मनात काहीतरी दगडासारखं घट्ट बसलं.

तिने क्लबच्या वार्षिक सभेपुढे ठराव टाकला : ‘पहिला’ हा शब्द उतरवा आणि अकरा नावं चढवा. या क्लबात अध्यक्षालाही एकच मत आणि वर्गणी भरणाऱ्या म्हातारीलाही एकच. अध्यक्ष टेनहागन यांनी फोन करून गोड आवाजात सुचवलं, की ठराव मागे घेतलात तर सभेत तुम्हाला क्लबची मानाची सोन्याची पिन देऊ. ती म्हणाली, पिन लावायला चांगला कोट लागतो, तो मला पुरतील तेव्हासाठी राखून ठेवलाय.

मंडळाने तिचा ठराव अगदी शेवटी ठेवला. शेवटच्या विषयाला निम्मी सभा बिअरच्या काउंटरवर असते, हे सगळ्यांना ठाऊक. पण गेल्या वर्षी बिअर चढून कुणीतरी खजिनदाराला ग्लास फेकून मारला होता, म्हणून याच मंडळाने यंदा नियम केला होता, की सभा संपेपर्यंत बिअरचा नळ बंद. आपल्या एका हुशारीने दुसरी मारली, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. हॉल शेवटपर्यंत भरलेला राहिला, तहानलेला आणि चिडलेला.

अध्यक्षांनी समजावलं : नोंद नाही, फोटो नाही, नुसत्या आठवणीवर इतिहास लिहिता येत नाही.

वालट्राउट माइकपाशी आली. “कुंपणावरून उड्या मारून आत जायचो, साहेब. सही करायला तिथे टेबल नव्हतं. आणि फाटकाला कुलूप लावणारे याच क्लबचे होते. तेही लिहा.”

मागून बोर्गमन खाटिक ओरडला, “म्हातारे, आटप की! घसा सुकलाय.”

“माझा साठ वर्षं सुकलाय, बोर्गमन. तू अजून पाच मिनिटांनी मरणार नाहीस.”

हॉल हसला. अध्यक्ष म्हणाले, हा विषय समितीकडे देऊ या. समिती म्हटल्यावर खुर्च्या करकरल्या.

“द्या ना,” ती म्हणाली. “समितीचं होईस्तोवर मीही जाईन. मग विचारायलाच कोणी राहणार नाही. हेच हवंय ना?”

अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास हातात घेतला आणि न पिताच ठेवला. तिने नावं घ्यायला सुरुवात केली. कोण कुठल्या जागी खेळायची, कोण कुठल्या पायाने. एडेलट्राउटपाशी तिने ‘डावा पाय’ असं दोनदा सांगितलं.

मतदानाची कार्डं वर झाली. काही लाज वाटून, काही नळाकडे डोळे लावून. तिला ते दिसत होतं आणि त्याचं तिला काही नव्हतं. बोर्गमनचाही हात वर होता. ठराव मंजूर झाला.

टेनहागन यांना हरूनही हसता येत असे. आपल्या क्लबच्या लाडक्या वालट्राउटबाईंनी मंचावर यावं, असं ते म्हणाले. पिनेची डबी उघडली गेली, फोटोवाले पुढे सरकले. मंचावर दिव्याखाली एकच खुर्ची मांडलेली होती, तिच्यावर एकच पुष्पगुच्छ.

वालट्राउटने अकरा जणींसाठी मांडलेल्या त्या एकट्या खुर्चीकडे पाहिलं. मग स्वतःच्या खुर्चीच्या पाठीवरचा रोजचा कोट उचलला, बटणं लावली, आणि टाळ्या वाजवणाऱ्या माणसांच्या मधून, नुकत्याच सुरू झालेल्या बिअरच्या नळासमोरून बाहेर पडली.