एकानं पाहिलेला शेकरू

जंगलात जायचं म्हणून मी अत्तर लावून निघालो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी मला जिन्यातच हुंगलं, परत आंघोळीला पाठवलं आणि बाहेर आल्यावर पुन्हा हुंगून पास केलं. ब्रह्मदेवाचा माल बिनतपासणीचाच बाजारात येतो, अशी तक्रार असलेला पृथ्वीवरचा हा एकमेव माणूस. सगळी हयात चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत गेली. माणूस निवृत्त झाला, नजर काही होईना. पिंपळे गुरवच्या मंडईत ते एकेक वांगं उजेडाकडे धरून फिरवतात आणि मागे बायकांची रांग खोळंबते. आमच्या मुलीच्या साखरपुड्यात बाकीचे जावयाचा पगार विचारत होते, यांनी त्याला उभा केला, पाठमोरा वळवला आणि निकाल दिला, "फिनिशिंग बरं हाय." जावई अजून त्यांना पाहिलं की ताठ होतो.

त्यांची बायको गेल्यापासून रविवारी ते भीमाशंकरच्या रानात शेकरू मोजणाऱ्या एका हौशी गटाबरोबर जायला लागले. गटानं त्यांना एक उतार नेमून दिला आणि त्यांनी गटाला एक नियम दिला: शेकरू दोघांनी पाहिला तरच नोंद. त्या मोसमात त्यांच्या उतारावर एकही दिसला नव्हता. हा शेवटचा रविवार. आजही नोंद झाली नाही, तर पुढच्या वर्षीपासून तो उतार मोजणीतून गळणार होता. दुसरा साक्षीदार म्हणून माझ्यासारखा नमुना त्यांनी चालवून घेतला, म्हणजे वेळ कशी आली होती बघा.

रानात ढग उतरला होता. शेजारी कंपनीतले सेफ्टी शूज घालून पुढे, मी घसरत मागे. मी शिंकलो की ते असे वळून बघत, जणू मशीनचा एखादा नट सैल झालाय. फरसाणाची पिशवी वाजते म्हणून ती त्यांनी जप्त केली होती. दुपार कलली तेव्हा ढग जरासा फाटला आणि समोरच्या जांभळीवर, घरट्यातून बाहेर येऊन, शेकरू फांदीवर शेपूट सोडून बसला. मी त्यांचा दंड धरला. नेमके तेव्हा ते धुक्यानं भरलेला चष्मा पुसत होते. चष्मा डोळ्यांवर चढेपर्यंत ढग मिटला. दिवस मावळेपर्यंत आम्ही त्या झाडाखाली उभे राहिलो. पुन्हा काही दिसलं नाही.

"लिहा की आता," मी म्हटलं.

"तुमी पाह्यला. मी न्हाई."

"उतार जाईल तुमचा, राव."

"एकानं पाह्यलं म्हंजी न्हाई पाह्यलं, भाऊ. नियम मीच लावलाय."

परतताना मात्र चाकण येईपर्यंत ते मला विचारत राहिले. शेपूट केवढी होती, टोक फिकट होतं का, अंग भिजलेलं होतं का. मी दोन-तीन गोष्टी पदरच्या घातल्या. त्या त्यांनी नेमक्या रिजेक्ट केल्या. उरलेलं पुन्हा पुन्हा सांगायला लावलं.

घरी येऊन मी बायकोला सगळं नकलांसकट ऐकवलं. जावयाच्या गोष्टीला ती दर वेळी हसते, तशी आताही हसेल असं वाटलं होतं. ती वर छताकडे बघत राहिली.

"मग आता रविवारी ते करणार काय?" ती म्हणाली.