भाचीसोबत उडालेला वरवंटा

लातूरच्या बसस्थानकावरून नांदेडची गाडी पकडली तेव्हा माझ्याजवळ दोन साड्या आणि धपाट्यांचा (ज्वारीच्या पिठाच्या तिखट भाकऱ्या) डबा एवढाच ऐवज होता. विमानाचा विचारही नव्हता. आमच्या घराण्यात विमान म्हणजे मान वर करून बघायची वस्तू. पण धाकट्या भावाचा, महादेवचा, फोन आला होता. त्याची बायको शिवलीला डोहाळेजेवणासाठी पुण्याहून माहेरी नांदेडला आली, तिचा रक्तदाब एकाएकी चढला आणि ओटी भरायच्या आधीच, सातव्या महिन्यात, मुलगी झाली. चार दिवस सगळं बरं होतं. आज तो फक्त म्हणाला, "ताई, तू ये." एरवी हा माणूस फोनवर हवापाण्यापासून सुरुवात करतो, म्हणून मी लगेच निघाले.

अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा सुशीला (चुरमुऱ्यांचा, पोह्यांच्या वळणाचा पदार्थ) खाल्ला. शेजारच्या बाईंनी मी कुठं निघाले, कशाला निघाले, हे सगळं माझा घास गिळून व्हायच्या आत काढून घेतलं. "सातवाचं हाय न्हवं? मग जगतंय. आठवाचं न्हाई जगत," त्यांनी निकाल दिला. हे शास्त्र कुठल्या कॉलेजात शिकवतात ते विचारलं नाही, कारण ऐकून मला बरं वाटलं होतं. लोहा येईपर्यंत निम्म्या गाडीला माझ्या भाचीचा महिना पाठ झाला आणि प्रत्येकाच्या नात्यात एक सातमाशी निघाला. कंडक्टरचा मामा तर म्हणे पैलवान होता.

दवाखान्यात काचेच्या पेटीत भाची निजली होती. माणूस कमी आणि नळ्या जास्त. नाक मात्र आमचंच होतं, कुणी मागून घेणार नाही असं. तिच्या आतड्याला छिद्र पडलंय, ऑपरेशन आजच व्हायला हवं, आणि एवढ्याशा जिवावर ते करणारे सर्जन पुण्यात आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. रस्त्यानं न्यायची सोय नव्हती. आमच्या रस्त्यावर धडधाकट माणसाचं आतडंही जागेवर राहत नाही. महादेवच्या कंपनीच्या विम्यातून विमान ठरलं होतं आणि ते पुण्याहून निघालंही होतं. घरचं एकच माणूस सोबत जाणार होतं. शिवलीलाचा रक्तदाब उतरत नव्हता, महादेवला तिच्यापाशी थांबणं भाग होतं. शिवाय विमानाला माणूस हलकं हवं होतं. जन्मभर 'काडी' म्हणून हिणवल्या गेलेल्या बाईला पहिल्यांदाच भाव आला.

आडव्या आल्या त्या शिवलीलाच्या आई, गंगाकाकू. आज पाचवी होती. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, हे मला माहीत होतंच. पाटा-वरवंट्याची पूजा मांडून काकू तयार होत्या.

"सटवाई नांदेडला येईल अन् लेकरू पुण्यात. मग ती लिवंल कुठं?" त्या म्हणाल्या.

मी शाळेत विज्ञान शिकवते. सटवाईला पत्ता शोधता येत नसेल तर नशीब लिहायचं काम तिला दिलंच कुणी, असं मी बोलून गेले. ते ऐकून शिवलीलानं माझा हात धरला. तिनं मुलीला अजून एकदाही जवळ घेतलेलं नव्हतं.

"ताई, माझ्या हातात दुसरं काईच न्हाई हो," ती म्हणाली. "एवढं तरी राहू नका देऊ."

माझं विज्ञान तिथंच बसलं. पाटा राहू दे, वरवंटा पुण्याला नेते आणि दिवे लागायच्या वेळेला पूजा करते, असा मी शब्द दिला. काकूंनी तो हिरव्या खणात गुंडाळून माझ्या पिशवीत घातला.

विमानतळावर सामानाचं वजन झालं. विमानाबरोबर आलेल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पिशवीत हात घातला आणि तसाच ठेवला. हे काय आहे, त्यांनी विचारलं. वरवंटा, मी म्हणाले. त्यांनी पायलटला बोलावलं. पायलटनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि हा पेशंटपेक्षा जड आहे, असं गंभीरपणे सांगितलं. खरंच होता. आमच्या मुलीपेक्षा घरातला दगड भारी, हे मला तिथं धावपट्टीवर कळलं आणि हसू येता येता रडूच आलं.

मी साड्या उतरवल्या. धपाट्यांचा डबा उतरवला. शेवटी चपलाही काढायला निघाले तेव्हा पायलट म्हणाला, राहू द्या, बसा. मोकळा दगड विमानात चालत नाही म्हणून विमानातल्या नर्सनं वरवंट्याला वेगळा पट्टा बांधला. माझ्यापेक्षा घट्ट.

विमान वर गेलं. खाली काळी रानं, मधेच चमकणारं पाणी. मांजरा असेल म्हणून मी लातूर शोधत होते, तेवढ्यात यंत्र ओरडू लागलं. पेटीतली छाती हलत नव्हती. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी सटवाईला हाक मारली, मनात नव्हे, मोठ्यानं. डॉक्टरीणबाईंनी पेटीच्या खिडकीतून हात घातला आणि तिच्या तळपायावर बोटानं टिचकी मारली. एकदा, परत एकदा. छाती हलली.

"ही मुलं श्वास घ्यायला विसरतात," त्या म्हणाल्या. "आठवण करून द्यावी लागते."

मग पुण्यापर्यंत त्यांचा हात पेटीतच होता आणि माझे डोळे त्या हातावर.

उतरल्या उतरल्या मुलीला ऑपरेशनला नेलं. दिवे लागले तरी दार उघडेना. पूजेला वॉर्डात जागा मिळेना, म्हणून जिन्याच्या वळणावर वरवंटा मांडला आणि हळदकुंकू वाहिलं. निरांजनाला बंदी होती. सुरक्षारक्षक हटकायला आला, खण बघून थांबला. तो नांदेडजवळच्या नायगावचा निघाला. त्यानं टोपी काढली आणि पूजा होईस्तोवर जिना अडवून धरला. वरून उतरणाऱ्यांना तो लिफ्टनं जा म्हणत होता, आणि एका मोठ्या डॉक्टरांनाही त्यानं तेच सांगितलं. ते आमचेच सर्जन होते. त्यांनी कठड्यावरून वाकून सांगितलं, झालं, मुलगी बरी आहे.

आठवड्यानं शिवलीला आली. नर्सनं मुलगी तिच्या उघड्या छातीवर ठेवली आणि वरून पांघरूण घातलं. विमानातली टिचकी मी तिला फोनवर सांगितली होती. तिनं एक बोट तेवढं मुलीच्या तळपायाशी नेलं. आता त्याची गरज नाही, नर्स म्हणाली. असू दे, शिवलीला म्हणाली.

मुलगी धोक्याबाहेर गेल्यावर मी लातूरच्या गाडीत बसले. जमिनीवरून चालणाऱ्या वाहनाचं इतकं कौतुक मला कधी वाटलं नव्हतं. विमान म्हणजे श्रीमंतांची हौस असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले, ते आता मला म्हणता यायचं नाही. टेंभुर्णीच्या पुढं शेजारच्या बाईंनी तिकीट काढायला म्हणून झोपलेलं पोर माझ्या मांडीवर दिलं आणि नंतर परत घ्यायचं विसरून पेंगू लागल्या. गुटगुटीत, घामेजलेलं पोर होतं. बार्शी गेली, येडशी गेली. जागं होऊन त्यांनी विचारलं, "काय वं, मघाधरनं काय बघून राहिलात त्याच्याकडं?"

"काही नाही," मी म्हणाले. "श्वास छान घेतो तुमचा मुलगा."